बाबांनी ताट मोडायला सांगितलं होतं

"दादा, वावर गहाण ठेवतो, पण पोट्टी डाक्टर झाली पायजे." धाकटा भाऊ दर्यापूरहून आला तो सातबारा घेऊनच. पुतणीनं अकोल्याला क्लास केले होते. नीटमध्ये सरकारी जागा थोडक्यात हुकली. खासगी कॉलेजची फी वर्षाला लाखांत.

आमचं घर गाडगेबाबांना मानणारं. भावानं आधारही बाबांचाच घेतला. ताट मोडा, भाकर हातावर घेऊन खा, पण लेकराला शिकवा, असं बाबा कीर्तनात सांगत. मात्र कर्ज काढू नका, हेही ते तितक्याच तळमळीनं सांगत. मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, मामाच्या घरी वाढताना, सावकारी कर्जापायी शेत कसं जातं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

मग शिक्षणासाठी कर्ज काढावं का? या प्रश्नानं मला बरेच दिवस झोपू दिलं नाही. आता वाटतं, बाबांच्या दोन्ही सांगण्यांत विरोध नाहीच. ताट मोडणारा बाप स्वतःचं सुख सोडतो. गहाणखत करणारा बाप मुलीचा उद्या तारण ठेवतो. डॉक्टर झाल्यावर मेळघाटात धारणीला जायचं की हप्ता फिटेल अशा दवाखान्यात बसायचं, हे तिच्याआधी बँकेनं ठरवलेलं असतं. सेवेला मोकळे हात लागतात. ते हात बांधण्याचा हक्क बापालाही नाही, मग त्याची माया कितीही खरी असो.

"अन् वर्ष वाया गेलं त?" कर्ज नको म्हटल्यावर भावानं विचारलं.

पुतणीनं अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयात बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. १९२३ सालचं सरकारी कॉलेज, फी आमच्यासारख्यांना झेपणारी. क्लासमध्ये ती उत्तरांचे पर्याय पाठ करायची. इथं कांद्याच्या मुळाची स्लाइड स्वतः करून पेशी दुभंगताना पाहिल्या, तेव्हा फोनवर बोलणं थांबेना. याला वाया कसं म्हणू? मी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं. ही ओढ मला क्वचितच दिसली. पदवी मिळेल ती संत गाडगेबाबांच्या नावाच्या विद्यापीठाची.

मे महिन्यात ती पुन्हा नीट देईल. अकोल्याला सरकारी मेडिकल २००२ पासून आहे, अमरावतीलाही २०२४ मध्ये सुरू झालं. नाही लागला नंबर तर एम.एस्सी. करीन म्हणते. भावाला हे अजून पुरतं पटलेलं नाही.

ज्यांच्या घरी हाच पेच आहे त्यांनी एवढं करावं: कर्जाचा महिन्याचा हप्ता मुलीला मोठ्यानं वाचून दाखवावा, आणि मग काय करायचं ते तिलाच विचारावं.