उशिरा भरलेला पाया

देवाशी जवळीक हा पाया आणि सेवाकार्य ही त्यावरची इमारत, ही उपमा पाळकांच्या शिबिरांत इतक्या वेळा ऐकली आहे की आता माना आपोआप डोलतात. उपमा चांगली आहे. खटकतो तो तिने गृहीत धरलेला क्रम. घर बांधताना आधी पाया भरावाच लागतो. माणसाचं मात्र अनेकदा उलटं होतं. भिंती उभ्या राहतात, छप्पर चढतं, लोक राहायला येतात आणि मग एखाद्या रात्री घरधन्याच्या ध्यानात येतं की खाली पोकळी आहे.

पंडिता रमाबाईंचं असंच झालं. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत बालविधवांसाठी शारदा सदन ही निवासी शाळा काढली आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. तोवर अमेरिकेत त्यांच्या नावाचं मंडळ स्थापन झालं होतं आणि त्याने दहा वर्षांच्या मदतीचं वचन दिलं होतं. ख्रिस्ती पुढारीपणाला आणखी काय लागतं? आणि तरी पुढे लिहिलेल्या साक्षीत बाई सांगतात की बाप्तिस्म्यानंतरची सुमारे आठ वर्षं त्यांच्याजवळ ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. त्या काळात हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मकथन त्यांच्या हाती पडलं. हा गृहस्थ धर्मोपदेशकाचं काम करत असतानाच, स्वतःच्याच प्रवचनाने बदलला. बाईंना हा माणूस आपला का वाटला असेल, ते सांगायला नको.

ही कबुली स्वस्त नव्हती. रमाबाईंच्या धर्मांतरावर टपून बसलेले टीकाकार पुण्यात थोडे नव्हते. त्यांच्या हाती आयतंच कोलीत देण्यासारखं होतं ते. झाकून ठेवलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. देवाशी जवळीक झाल्याची मला पटणारी खूण हीच. माणसाला आपल्या रितेपणाबद्दल बोलता येऊ लागतं, आणि त्याने आपली खुर्ची डळमळेल ही भीती उरत नाही.

उलट आज अनेक मंडळ्यांत ‘जवळीक’ हा शब्द खुर्ची घट्ट करायला वापरला जातो. ‘प्रभूने मला दाखवलंय’ असं कुणी म्हटलं की चर्चा संपते. खजिनदार वही मिटतो, वडीलजन घड्याळाकडे पाहतात. बंद खोलीत देवाशी काय बोलणं झालं, हे विचारायचं कुणी आणि कसं?

रमाबाईंच्या खोलीचं दार उघडं असे. शारदा सदनात त्या आपल्या मुलीला, मनोरमेला, घेऊन प्रार्थनेला बसत. सदनातल्या मुली हळूहळू तिथे येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये यावरून वादळ उठलं. ‘केसरी’ने झोड उठवली, समाजसुधारक रानडे आणि भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. बाईंचं म्हणणं असं, की मी कुणाला बोलावत नाही, पण आलेल्या मुलीला हाकलणारही नाही.

ख्रिस्ती लेखक इथे सहसा टाळ्या वाजवून पुढे जातात. मला तसं जमत नाही. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळली जाईल, असा शब्द होता. अन्न, निवारा आणि अक्षरओळख देणारी बाई डोळे मिटून बसते, तेव्हा तिच्या आधाराने जगणाऱ्या बालविधवेच्या मनावर त्याचा काहीच दाब पडत नाही असं कोण म्हणेल? रानड्यांची अस्वस्थता खोटी नव्हती. पण उघड्या दाराची आणखी एक बाजू आहे, आणि ती या वादात कुणी फारशी पाहिली नाही. त्या दारातून मुलींना जशी बाईंची प्रार्थना दिसे, तशाच नंतर दिवसभराच्या बाईही दिसत: चिडलेल्या, थकलेल्या, हिशेबात बुडालेल्या. सकाळी देवाशी बोलून आलेली बाई दुपारी स्वयंपाकघरात कशी वागते, याचा पडताळा घ्यायला रोज डझनावारी डोळे हजर होते. अशी तपासणी आजच्या किती पुढाऱ्यांना परवडेल?

पुढे केडगावला दुष्काळातल्या शेकडो मुलींसाठी मुक्ती सदन उभं राहिलं. १९०५ मध्ये तिथे जे संजीवन झालं, त्यावर जगभर लिहिलं गेलंय. मुली हमसून रडल्या, तासन्‌तास प्रार्थना चालल्या. मला त्या दिवसांपेक्षा नंतरची वर्षं जास्त बोलकी वाटतात. बाई मूळ हिब्रू आणि ग्रीक समोर ठेवून बायबल मराठीत आणत होत्या. अडाणी बाईलाही कळावी अशी भाषा त्यांना हवी होती. एखाद्या शब्दाशी रोज झटत बसणं, हीसुद्धा जवळीकच म्हणायची. फक्त तिच्यात हुंदके नसतात, म्हणून तिच्या साक्षी होत नाहीत.

१९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा गेली. पुण्याच्या त्या खोलीत आईशेजारी बसणारी हीच. बाईंनी काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, तेव्हा भाषांतर पुरं झालं होतं. आता खिळे जुळवण्याचं काम मुक्तीच्या छापखान्यातल्या बायकांकडे होतं.