गुरुवारचं चिंतन : स्टीलच्या वाटीतलं तीर्थ

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गेल्या गुरुवारी आरतीनंतर एका मुलाला आम्ही पंचपात्रातलं तीर्थ न देता स्टीलच्या वाटीतलं वेगळं तीर्थ दिलं. लगेच कुजबुज झाली. नंतर दोघीतिघींनी फोन करून विचारलं, "तीर्थात भेदभाव कधीपासून?" विचारलंत ते बरं झालं. त्याच्या आईची परवानगी घेऊनच उत्तर लिहीत आहोत.

त्या मुलाला विल्सनचा आजार आहे. साधारण ३०,००० माणसांत एखाद्याला होणारा. आपल्या जेवणात थोडं तांबं असतंच, शरीराला ते लागतंही. जास्तीचं असेल ते यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. या आजारात नेमकं तेच काम जन्मापासून बिघडलेलं असतं. तांबं आधी यकृतात साठतं, मग मेंदूत आणि डोळ्यांत. एक पळी तीर्थानं फार काही बिघडणार नाही, पण तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेलं पाणी आपण ज्या भक्तीनं पितो, ते अशा मुलाला चालत नाही. (बाकी निरोगी माणसांनी घाबरून हंडे माळ्यावर टाकू नयेत!)

आता आमची चूक सांगतो. दहावीनंतर त्याचं अक्षर बिघडलं, हात थरथरू लागला, बोलणं जड झालं. एकदा आरतीचं तबक हातातून पडलं. कुणी म्हणालं मोबाईलचं वेड, कुणी म्हणालं नजर लागली. उतारे झाले, अंगारा झाला. एका डॉक्टरांनी मनाचा आजार समजून गोळ्या दिल्या, त्यानं तो आणखी सुस्त झाला. आणि आम्ही काय केलं? त्याच्या आईचा हात धरून म्हणालो, "ताई, प्रारब्धाचे भोग आहेत, भोगूनच संपतील." आपल्याला वाटलं धीर दिला. ती बिचारी घरी जाऊन रात्रभर आपलं कुठलं पाप ते शोधत बसली. हे तिनं आम्हाला पुष्कळ दिवसांनी सांगितलं.

सद्गुरूंच्या कानावर गेलं तेव्हा ते रागावले, तिच्यावर नव्हे, आमच्यावर. प्रारब्ध हा शब्द स्वतःच्या दुःखासाठी आहे, दुसऱ्याच्या दारात टाकायला नाही, असं त्यांनी सांगितलं. आणि मुलाला मोठ्या डॉक्टरांकडे न्या, आजच न्या, म्हणाले. आम्ही अनुष्ठान विचारायला गेलो होतो, मिळाला हा आदेश.

शेवटी निदान जुळलं ते डोळ्यांच्या डॉक्टरांमुळे. त्यांच्या यंत्रातून बुबुळाच्या कडेला तपकिरी-सोनेरी कडं दिसलं. मग रक्तातलं सेरुलोप्लाझमिन आणि २४ तासांच्या लघवीतलं तांबं तपासलं. दोन वर्षं जे कुणाला कळलं नाही ते आठवड्यात कळलं.

किनियर विल्सन यांनी १९१२ साली या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा हाती औषध नव्हतं. १९५६ साली जॉन वॉल्श यांनी पेनिसिलामाइन आणलं. तांबं लघवीवाटे काढणारी साधी तोंडानं घ्यायची गोळी. ती ज्यांना सोसत नाही त्यांच्यासाठी ट्रायेन्टिन आहे. परदेशातून आणलं तर वर्षाला 2 कोटींच्या वर जाणारं हे औषध आपल्या देशात बनू लागल्याचं सरकारनं २०२३ मध्ये जाहीर केलं, खर्च दोन-अडीच लाखांवर आला. काही दुर्मिळ आजारांना मुंबईचं केईएम, हैदराबादचं निम्स अशा ठरवलेल्या केंद्रांतून ५० लाखांपर्यंत मदतही मिळते. अशा वेळी आम्हाला वाटतं, प्रयोगशाळेत रात्र जागवणारा माणूससुद्धा कुणाच्या तरी प्रार्थनेचं उत्तरच असतो.

दोन गोष्टी मात्र जीव तोडून सांगायच्या आहेत.

मुलाचा हात थांबला, अक्षर सुधारलं, तेव्हा घरातली वडील मंडळी म्हणाली, कृपा झाली, आता गोळ्या कशाला? ही गोळी जन्मभराची आहे. बरं वाटतंय म्हणून सोडली तर यकृत अचानक निकामी होऊ शकतं. औषध सोडून कृपेची परीक्षा पाहायची नसते. सद्गुरूंनी स्वतः त्याला बोलावून गोळी घेतलीस का, हे आधी विचारलं, जप किती झाला ते नंतर.

दुसरी गोष्ट भावंडांची. आई-वडील दोघांकडूनही दोष आला तरच हा आजार होतो, त्यांना स्वतःला काहीच त्रास नसतो. प्रत्येक सख्ख्या भावंडाला चारात एक इतकी शक्यता असते. आपल्या बेळगाव भागात मामाची मुलगी करायची रीत आहे, तिथे असे आजार जास्त दिसतात. राग मानू नका, पण लग्न जुळवताना पत्रिकेबरोबर हेही बोला. त्याच्या धाकट्या बहिणीची तपासणी करायला घरचे तयार नव्हते, "मुलीच्या जातीला नाव लागेल" म्हणून. केली. तिलाही निघालं. अजून एकही लक्षण नाही, औषध सुरू झालं आणि ती रोज सायकलनं कॉलेजला जाते.

तेव्हा यापुढे तीर्थाच्या ताटात स्टीलच्या दोन वाट्या कायम असतील. काजूतही तांबं बरंच असतं, म्हणून प्रसादाच्या शिऱ्यात काजू घालायचे नाहीत, वेगळ्या वाटीत ठेवायचे. पुढच्या गुरुवारी ज्यांची सेवा आहे त्यांनी लक्षात ठेवावं.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥