आकडा पाहिलास, अण्णांकडे पाहिलंस का?

काल रात्री साडेअकराला फोन करून तू मला अण्णांच्या बीपीचा आकडा सांगितलास. वरचं १९६, खालचं ११२. त्यापुढं मी जे जे विचारलं, त्यातलं एकही तुला सांगता आलं नाही. अण्णांच्या छातीत दुखतंय का? ‘विचारतो.’ दम लागतोय? तोंड एका बाजूला ओढल्यासारखं, जीभ जड, एका हातापायात जोर नाही, नजर अंधुक, बोलणं असंबद्ध, पाठीत चिरत गेल्यासारखी कळ, असं काही? ‘विचारतो, बाई.’ अरे, विचारतो काय! बाप समोर बसलाय आणि तू यंत्राच्या काचेत डोळे घालून बसलास. दहावीला विज्ञान मी शिकवलंय तुला, हे कुणाला सांगू नकोस.

आणि मोजलंस तरी कसं? निफाडचं लग्न आटोपून आलेला माणूस, तीन जिने चढून घरात टेकतो न टेकतो तोच त्याच्या दंडाला पट्टा. बसवलंस पलंगाच्या कडेला, पाय लोंबकळत, पाठीला आधार नाही, हात मांडीवर. जानेवारीतली आपली थंडी म्हणून अंगात स्वेटर, तो काढायचा कंटाळा. बाही वर सरकवून तिचाच करकचून फास बसवलास. वरून तू आणि सूनबाई दोघं एकदम बोलताय, अण्णाही उत्तरं देताहेत. नुसत्या बोलण्यानं वरचा आकडा दहाच्या आसपास चढतो. लघवी तुंबली असली तरी चढतो. चहा, तंबाखू, जिना यांनंतर अर्धा तास थांबायचं असतं. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा फुगूनच येतो. मग घाबरून दर दोन मिनिटांनी पुन्हा पट्टा आवळलास. प्रत्येक वेळी अण्णांचा चेहरा उतरत गेला आणि बीपी वाढत गेलं. तुझ्याच बडबडीचं माप घेत होतास तू.

पण मला खरा राग आला तो यापुढच्या गोष्टीचा. ‘शेजारच्या काकांकडं कॅप्सूल आहे, टोचून जिभेखाली पिळू का?’ मी फोनवर ओरडले ते त्यासाठी. निफेडिपिनची ती कॅप्सूल एके काळी दवाखान्यादवाखान्यांत अशीच पिळली जायची, मान्य. पण १९९६ साली ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात डॉक्टरांनीच लिहिलं की हा प्रकार थांबवा, कारण रुग्णांना झटके येताहेत, काही दगावताहेत. कारण समजून घे. वर्षानुवर्षं बीपी चढं असलं की मेंदूच्या रक्तवाहिन्या त्या चढ्या दाबालाच सरावतात. तो दाब मिनिटांत खाली आपटलास, तर मेंदूला रक्तच कमी पडतं. पक्षाघात टाळायला गेलास आणि स्वतःच्या हातानं आणलास. बीपी उतरवायचं ते जिन्यानं, गच्चीवरून उडी मारून नाही.

कालसाठी सांगितलं तेच पुढंही. वरचा १८० किंवा खालचा १२० च्या पुढं गेला आणि मघाशी विचारलेल्यातलं एक जरी लक्षण असलं, तर दुसऱ्यांदा मोजत बसायचं नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८ लावायचा. लक्षण किती वाजता सुरू झालं ते लिहून ठेवायचं. मेंदूतली गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनला साधारण साडेचार तासांचीच मुदत असते, आणि द्वारका चौकातली गर्दी तुला माहीत आहे. घरात कुणी गरोदर असेल तर १८० ची वाटच पाहायची नाही, १६०/११० लाच दवाखाना. लक्षण काहीच नसेल, तर पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेबलावर, पाच मिनिटं गप्प. मग पुन्हा मोजायचं. तरीही तेवढंच राहिलं तर आपल्या डॉक्टरांना फोन, दुसऱ्या कुणाच्या डब्यातली गोळी नाही. काल असंच केल्यावर १६८/९८ आलं ना? डॉक्टरांनी फोन उचलला, म्हणून निभावलं.

आता हसू नकोस, १६८ म्हणजे सुटका नव्हे. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचं बीपी मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ होतं. त्या दिवशी ते कोसळले नाहीत. वर्षभर युद्ध चालवत राहिले, याल्टाच्या परिषदेपर्यंत जाऊन आले. १२ एप्रिल १९४५ ला ‘डोकं भयंकर दुखतंय’ म्हणाले आणि मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. तेव्हाचा आकडा होता ३००/१९०. त्यांच्या डॉक्टरांकडं आजच्यासारखी धड गोळीच नव्हती. तुझ्या बापाच्या उशाशी गोळी होती आणि तिचं पाकीट चार दिवसांपूर्वी संपलं होतं! ‘बरं वाटत होतं म्हणून आणली नाही.’ बरं वाटणारच, रक्तदाब काय दार वाजवून येतो? दिवाळीपासून तू ते यंत्र कपाटातून काढलं नव्हतंस. एका रात्री हाताची बोटं थरथरेपर्यंत घाबरायचं आणि तीन महिने ढुंकून बघायचं नाही, ही काळजी नव्हे, तमाशा आहे.

आणि बाकीची यादी कोण सांगणार डॉक्टरांना? गुडघ्यासाठी दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळी, बीपी वाढवते. सर्दीची गोळी, नाक मोकळं करणारी, तीही. खोकल्यासाठी दिवसभर चघळलेलं ज्येष्ठमध, हो, तेसुद्धा. रविवारची मिसळ, वर पापड, संध्याकाळी चिवडा. दिवसाकाठी मीठ पाच ग्रॅमच्या आत, चमचाभर, हे पाठ करून मार्क मिळवले होतेस. अण्णांना बोलू नकोस. बाजारातून पिशवी तू आणतोस.

ऊठ आता. आज दुपारच्या आत डॉक्टरांकडं जा, घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून, काकांची कॅप्सूल परत करून. ते सांगतील तो बदल कर, मनाचा नको. त्यानंतर सात दिवस, सकाळी गोळी घेण्याआधी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, मधे एक मिनिट सोडून, आकडे वहीत लिही. घरी १३५/८५ च्या वर राहतंय का, ते त्यावरून डॉक्टरांना कळेल. पुढच्या रविवारी वही मला दाखवायची. आणि सगळ्या ओळी एकाच बैठकीत लिहिलेल्या असल्या तर मला दिसतं. तुझी प्रयोगवही मीच तपासायचे.