धमकी देणाऱ्याचं भांडवल

ऑनलाइन ओळख वाढवून मुलाकडून नको तो फोटो मिळवणाऱ्याची पुढची धमकी बहुधा ठरलेली असते: 'तुझ्या घरी पाठवतो.' त्याने या मुलाला प्रत्यक्ष कधी पाहिलेलं नसतं. मूल नाशिकचं की नांदेडचं, हेही त्याला धड माहीत नसतं. आपल्या घरांबद्दलची एक गोष्ट मात्र त्याला पक्की ठाऊक असते. आईबापांना हे कळू नये म्हणून मूल काहीही करील: पैसे चोरील, आणखी फोटो पाठवील, प्रसंगी जिवाचं बरंवाईट करून घेईल. घरातला जो धाक आपण पाहुण्यांसमोर मिरवतो, तेच या माणसाचं भांडवल.

याची सुरुवात पुष्कळदा गेममध्ये होते. रात्री खेळताना हेडफोनवर एक 'दादा' भेटतो, शाबासकी देतो, गेममधले थोडे डायमंड भेट पाठवतो. मग इन्स्टावर फॉलो करतो आणि काही दिवसांनी 'इथे नको, टेलिग्रामवर ये' म्हणतो. तिथे गप्पा घरच्या चालतात. बाबा ओरडतात का, आई फोन बघते का, रात्री खोलीत कोण झोपतं? मुलाला वाटतं, कुणीतरी आपली विचारपूस करतंय. तो घराची टेहळणी करत असतो. 'आपण बोलतो हे कुणाला सांगू नकोस' हे पहिलं गुपितही साधंच असतं. फोटोची मागणी त्यानंतर कधीतरी. वयात आलेल्या मुलग्यांपुढे हाच माणूस समवयस्क मुलगी बनून येतो आणि सगळं एका संध्याकाळीही उरकतं. मुलगा आहे, त्याला काय होतंय, म्हणून घर निर्धास्त असतं.

यावर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे फोन काढून घ्या. पण २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा उसनवारी करून मुलांसाठी फोन घेणारे हेच पालक होते. शाळा सुरू झाल्या तरी गृहपाठ अजून वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो. कित्येक घरांत फोन एकच, तोही बापाचा, आणि त्यातली सेटिंग्ज मुलाच्या हातची. ओटीपीसुद्धा मुलगाच वाचून दाखवतो. तिथे 'पेरेंटल कंट्रोल' कुणी कुणावर ठेवायचा? मुलींच्या बाबतीत गोष्ट फोनवर थांबत नाही. क्लास बंद होतो, मैत्रिणींकडे जाणं बंद होतं, एखाद्या घरात लग्नाची बोलणी सुरू होतात. हे तिने शेजारीपाजारी पाहिलेलं असतं. ती गप्प बसते, ती हिशेब करून.

'फोटो पाठवूच नकोस' ही शिकवणही आता पुरत नाही. स्नेहसंमेलनातल्या नऊवारीतल्या फोटोवरून नग्न चित्र बनवणारी एआय ॲप्स आहेत, आणि तो फोटो बऱ्याचदा आपणच कौतुकाने टाकलेला असतो, शाळेच्या नावासकट.

लहान मुलाच्या फोनवर नजर हवी, याबद्दल वाद नाही. तरी माझ्या मते पालकांची खरी परीक्षा मूल सांगतं त्या रात्री असते, आणि तिथे शिकलेली घरंही घसरतात. पहिला प्रश्न येतो, 'तू पाठवलासच का?' मग संतापाच्या भरात चॅट डिलीट होतं, अकाउंट उडवलं जातं आणि त्याबरोबर पुरावाही जातो. कुणी गुपचूप पैसे भरतं. मग मागणी वाढते. कुणी सल्ल्यासाठी तो फोटो मेहुण्याला फॉरवर्ड करतं, जे स्वतःच गुन्हा ठरू शकतं.

मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. १८ वर्षांखालचा मुलगाही त्याच्या लेखी मुलीइतकाच 'बालक'. मुलांची अश्लील दृश्यं नुसती बाळगणं हाही गुन्हा ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने मद्रास उच्च न्यायालयाचा उलटा निकाल रद्द करून २३ सप्टेंबर २०२४ रोजी स्पष्ट केलं. कलम १९ प्रमाणे गुन्हा माहीत असणाऱ्याने तो कळवणं बंधनकारक आहे. ही दुधारी तरतूद आहे. प्रकरण दडपता येत नाही हे चांगलं, पण नोंद होईल या धास्तीने एखादी आई समुपदेशकाकडेही जाणार नाही. आणि सोळा-सतराच्या दोघांनी राजीखुशीने एकमेकांना पाठवलेल्या फोटोंचं काय करायचं, याला या कायद्याकडे शहाणं उत्तर नाही.

बदनामीच्या भीतीने पोलिसांकडे न जाणाऱ्यांनी याच कायद्याचं कलम २४ जरूर वाचावं. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हवा तिथे घ्यायचा. घेणारी शक्यतो महिला अधिकारी, उपनिरीक्षक दर्जाच्या खालची नसावी, आणि गणवेशात नसावी. मुलाला रात्री पोलिस ठाण्यात कोणत्याही कारणाने ठेवता येत नाही. कागदावरचं ठाण्यात आपोआप उतरत नाही, तेव्हा पालकाने कलमाचा आकडा बोलून दाखवावा.

चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक मुलांनाही लावता येतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर अशा दृश्यांची तक्रार नाव न देता करायची सोय आहे. फोटो पसरण्याच्या भीतीवर 'टेक इट डाउन' नावाची एक मोफत अमेरिकी सेवा थोडीफार कामाची आहे. तिच्याकडे फोटो पाठवावा लागत नाही. मुलाच्या फोनवरच त्याचा बोटाच्या ठशासारखा अंकी ठसा तयार होतो आणि इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅटसारखे सहभागी मंच त्याच्याशी जुळणारा फोटो शोधून हटवू शकतात. खासगी एन्क्रिप्टेड गप्पांमध्ये तिचा उपयोग नाही. मुलाचं नाव-गाव तिथे विचारत नाहीत, पालकांची परवानगीही नाही.