किल्ली बदलण्याआधी

आइंडहोव्हन

चि. सोनू हिस,


काल फोनवर तू सांगितलेस की गाडी चालता चालता वायपर आणि पंखा बंद पडतात, किल्ली जरा हलवली की पुन्हा सुरू होतात. गॅरेजवाल्याने त्यावर नवे कुलूप, नव्या किल्ल्या आणि संगणकावरचे कोडिंग असा भलामोठा खर्च सांगितला. त्याला इतक्यात होकार देऊ नकोस.

तुला जे एक कुलूप दिसते, त्यात तीन वेगळ्या वस्तू आहेत. किल्ली जिथे शिरते ती दातेरी नळी, म्हणजे डच लोकांचा ‘स्लॉटसिलिंडर’. तिच्या मागच्या टोकाला प्लास्टिकचा छोटा स्विच, ‘कॉन्टाक्टस्खाकेलार’. किल्ली फिरली की तो आतले संपर्क जोडतो आणि वायपर, पंखा, स्टार्टर यांना वीज जाते. तिसरी वस्तू नळीच्या तोंडाभोवतीची तारेची कडी. किल्लीच्या प्लास्टिकच्या डोक्यात एक बारीक चिप असते. तिला बॅटरी लागत नाही, ती कडीच्या लहरींवरच जागी होते आणि आपली ओळख सांगते. ती ओळख पटली नाही तर ‘स्टार्टऑन्डरब्रेकर’ इंजिन चालू देत नाही.

तुझ्या २००१ च्या गोल्फ गाडीमध्ये चिपचे बिनसले असते, तर इंजिन सुरू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडले असते आणि समोर किल्लीचे चिन्ह लुकलुकले असते. तसे काही होत नाही. वायपर आणि पंखा जातात, किल्ली हलवली की येतात, म्हणजे स्विचचे संपर्क झिजले आहेत. त्या पिढीच्या गोल्फचे हे जुनेच दुखणे. स्विचला चिपची ओळख नसते, त्यामुळे तो बदलला तरी किल्ल्या त्याच राहतात आणि कोडिंग लागत नाही. गॅरेजमध्ये एवढेच विचार : स्विच गेला आहे की सिलिंडर? उत्तर मिळाल्याशिवाय सही करू नकोस.

स्वतः उघडायला मात्र बसू नकोस. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग आहे. बॅटरी सोडवून, थोडा वेळ थांबून, जाणत्या माणसानेच तिथे हात घालावा. बॅटरी काढण्याआधी रेडिओचा कोड शोधून ठेव.

हा दोष किरकोळ समजू नकोस. अमेरिकेत जनरल मोटर्सने २०१४ मध्ये लाखो गाड्या परत बोलावल्या त्या अशाच एका स्विचपायी. तो चालत्या गाडीत सरकायचा, इंजिन बंद पडायचे आणि अपघातात एअरबॅग उघडायची नाही. कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले. दुरुस्ती होईपर्यंत जुडग्यातले बाकी सगळे काढून नुसती किल्ली वापरा, असे कंपनीने मालकांना सांगितले होते. तुझ्या जुडग्यात घराची, सायकलची, ऑफिसची अशा किती किल्ल्या लोंबतात ते मी पाहिले आहे. आजच वेगळ्या कर.

सिलिंडरही झिजला असेल तर भंगारातला घेताना सांभाळ. मी एकदा तशी चूक केली. नळी बसली, किल्ली फिरली, पण तिच्या डोक्यातली चिप दुसऱ्याच गाडीची. इंजिन चालेना. दिवसभर खपून शेवटी जुन्या किल्लीतली चिप नव्या डोक्यात बसवली, तेव्हा ते चालले. कोडिंग करायची वेळ आलीच तर घरातल्या सगळ्या किल्ल्या एकाच वेळी घेऊन जा. तुझ्या गाडीत जी किल्ली त्या बैठकीला नसेल, ती नंतर चालत नाही. हरवलेली किल्ली बाद होते ती अशीच.

कुणी म्हणेल, जुनी गाडी आहे, चिपची भानगडच काढून टाकू. त्याचे ऐकू नकोस. युरोपीय संघाने १९९८ पासून नव्या मोटारींना ही यंत्रणा सक्तीची केली. यान फान आउर्स आणि बेन फोलार्ड या डच अर्थशास्त्रज्ञांनी १९९५ ते २००८ पर्यंतच्या इथल्या मोटारचोऱ्या तपासल्या, तेव्हा या साध्या, स्वस्त वस्तूने चोऱ्या पुष्कळ घटल्याचे दिसले. मात्र सगळा भरवसा तिच्यावर टाकू नकोस. अनेक गाड्यांच्या किल्ल्यांत असलेल्या, मूळ फिलिप्सच्या ‘हिटॅग-२’ चिपची गुप्तलिपी काही मिनिटांत फोडता येते, हे नायमेखनच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिले. तेव्हा रात्री स्टिअरिंगला आडवा दांडा लाव.

स्विच बदलेपर्यंत ए-२ महामार्गावर गाडी घालू नकोस. त्या वेगात इंजिन गेले तर स्टिअरिंग जड होते, आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकही. अॅमस्टलव्हेनहून इकडे येणार असशील तर ट्रेनने ये.

आणखी एक : गाडी विकणाऱ्याने तुला दोन किल्ल्या दिल्या होत्या की एकच? गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी सगळ्या किल्ल्या मागते. दुसरी कुठे आहे ते आज रात्री बघून मला कळव.

तुझा,
मामा