सद्हेतूचे असत्य

तरुणांना गांजापासून परावृत्त करण्यासाठी थोडी अतिशयोक्ती केली, तर ते पाप ठरते काय? धर्मग्रामातील एका सभेनंतर हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. 'एक झुरका घेतला की माणूस वेडा होतो,' असे आम्ही व्यासपीठावरून ठणकावून सांगितले होते. सभा संपल्यावर एक मुलगा नम्रपणे म्हणाला, "अंकल, माझे चार मित्र ओढतात. कुणीच वेडा झालेला नाही." आम्ही निरुत्तर झालो, खरे सांगायचे तर किंचित रागावलोही.

तो खोटे बोलत नव्हता. ब्रिटिश सरकारने १८९३ साली नेमलेल्या चौकशी आयोगानेही बेताच्या सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, असाच निष्कर्ष काढला होता. परंतु त्या मुलाला जे सांगायला हवे होते, तेच आमच्याकडून राहून गेले. स्वीडनमध्ये सैन्यभरतीस आलेल्या ४५ हजारांहून अधिक तरुणांचा पंधरा वर्षांचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. पन्नासहून अधिक वेळा गांजा-चरस घेतलेल्यांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण कधीच न घेतलेल्यांच्या सहापट आढळले. गांजा हे एकमेव कारण नव्हे, आणि बहुसंख्य त्यातून शाबूत सुटतात. न सुटणारा कोण, हे मात्र आधी ओळखता येत नाही. शिवाय मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते. स्मरण आणि एकाग्रता यांवर घाव पडतो तो नेमका शिकण्याच्या वयात. सवय जडण्याचा धोकाही कोवळ्या वयात सुरुवात करणाऱ्यांना अधिक.

संत ऑगस्टीन यांनी असत्यकथनावर दोन ग्रंथ लिहिले. सद्हेतूने बोललेले असत्यही त्यांना मान्य नव्हते. हे मत आम्हाला पूर्वी फार कठोर वाटे. आता वाटते, गांजाविरुद्ध आमची मुख्य तक्रार तरी कोणती? तो माणसाची विवेकबुद्धी झाकोळतो, हीच ना? मग मुलांना भेडसावून त्यांच्या विवेकबुद्धीला वळसा घालणारे आम्ही वेगळे काय करीत होतो? शिवाय एक असत्य उघडे पडले की पुढची खरी सूचनाही मुले हसण्यावारी नेतात.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर आम्ही त्या मुलाला गाठून स्वीडनची हकिकत जशीच्या तशी सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हे त्या दिवशी का नाही सांगितलंत?"