कसब म्हणून हिणवलेलं ज्ञान

सातव्या वेतन आयोगाने लष्करी सेवा वेतनाचे दर ठरवले. लेफ्टनंट ते ब्रिगेडियर, दरमहा १५,५०० रुपये. शिपाई ते सुभेदार मेजर, सरसकट ५,२००. हुद्द्याचा पगार वेगळा मिळतोच. ही रक्कम सैनिकी आयुष्याच्या खडतरपणाची आहे, आणि सियाचीनच्या चौकीवर कॅप्टन व सुभेदार एकाच बर्फात राहतात. सुभेदारांच्या श्रेणीला वेगळा, वाढीव दर द्यावा ही मागणी अर्थ मंत्रालयाने २०१८ मध्ये फेटाळली. या तफावतीच्या समर्थनार्थ एक युक्तिवाद हटकून पुढे येतो: अधिकारी विचार करतो, बाकीचे अंमल करतात. माझं भांडण त्या युक्तिवादाशी आहे. रकमेपेक्षा तोच जास्त घातक आहे.

या युक्तिवादाला प्रतिष्ठा मिळवून दिली अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ सॅम्युअल हंटिंग्टनने. १९५७ सालच्या ‘द सोल्जर अँड द स्टेट’मध्ये त्याने मांडलं की हिंसेचं नियोजन हे अधिकाऱ्याचं शास्त्र, आणि प्रत्यक्ष हिंसा करणं हे शिपाई-हवालदारांचं कसब. डॉक्टर-वकिलांसारखा पेशा फक्त अधिकाऱ्याचा. खालच्यांकडे ना तेवढी बौद्धिक क्षमता, ना तशी जबाबदारी. जगभरच्या लष्करी विद्यालयांत हे पुस्तक वाचलं गेलं. म्हणूनच त्यातली ही रेघ तपासायला हवी.

१० जुलै १९४४. इटलीत, टायबरच्या वरच्या खोऱ्यात मराठा पलटणीचा नायक यशवंत घाडगे रायफल सेक्शनचं नेतृत्व करत होता. जवळून सुटलेल्या मशिनगनच्या माऱ्यात त्याचे सगळे साथीदार पडले. तो एकटा त्या ठाण्यावर धावून गेला, ते निकामी केलं आणि तिथेच मारला गेला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या क्षणी हुकूम द्यायला वर कोणी नव्हतं. थांबायचं, मागे सरायचं की पुढे जायचं, हा निर्णय नायकाचाच होता. याला निव्वळ अंमल म्हणायचं असेल, तर विचार कशाला म्हणायचं?

त्याहून बोलकं उदाहरण राम राघोबा राणे यांचं. कारवारजवळच्या चेंडियाचा हा तरुण १९४० मध्ये बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधा जवान म्हणून भरती झाला, ब्रह्मदेशात लढला, हवालदार झाला. डिसेंबर १९४७ मध्ये त्यांना सेकंड लेफ्टनंटचं कमिशन मिळालं. पुढच्याच एप्रिलमध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर जखमी अवस्थेत, गोळीबारात, त्यांनी सुरुंग आणि अडथळे दूर करून रणगाड्यांना वाट करून दिली, आणि परमवीरचक्र मिळवलं. अधिकारी होऊन चार महिने झाले होते. सुरुंगाला हात कसा घालायचा हे त्या चार महिन्यांत आलेलं नव्हतं. हंटिंग्टनची रेघ या एकाच माणसाच्या आयुष्यातून जाते, आणि तिच्या दोन्ही बाजूंना डोकं तेच आहे.

तरीही हंटिंग्टनला पूर्ण खोडून काढता येत नाही, आणि ते मान्य केलं पाहिजे. जबाबदारीचा त्याचा मुद्दा खरा आहे. राष्ट्रपतींच्या नावाने मिळालेलं कमिशन बावीस-तेवीस वर्षांच्या लेफ्टनंटला अनुभवाआधीच अधिकार देतं. हे वरवर अन्यायाचं वाटतं. पण गावात घुसायचं की नाही, कैद्याचं काय करायचं, माणसं कुठवर पणाला लावायची, याचा जाब राज्यसंस्थेला कोणाकडे तरी मागता आला पाहिजे. हवालदाराचा अधिकार त्याच्या वर्षांतून येतो, लेफ्टनंटचा राज्याकडून. सैन्याला दोन्ही लागतात, आणि दुसरा नेहमी वरचढ ठेवावा लागतो, नाहीतर बंदुका अनुभवी माणसांच्या मर्जीवर चालू लागतील.

आपल्याकडे या दोघांच्या मध्ये नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर अशी तिसरी पायरी आहे. तिचा उगम वांशिक आहे. इंग्रजी अमलात बराच काळ हिंदी माणूस इथवरच चढू शके, आणि तीस वर्षांचा सुभेदार नुकत्या आलेल्या गोऱ्या लेफ्टनंटच्या हाताखाली असे. महूच्या लष्करी शाळेत शिकवणारे सुभेदार रामजी सकपाळ, बाबासाहेबांचे वडील, त्याच चौकटीतले. म्हणून ही पायरीच काढून टाका, असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. ब्रिटिश सैन्यात प्लाटूनचा प्रमुख सहसा तरुण लेफ्टनंट असतो आणि सार्जंट त्याला सावरतो. आपल्या पायदळात बहुतेकदा ती प्लाटून सुभेदार किंवा नायब सुभेदार स्वतः चालवतो. अपमान म्हणून बांधलेल्या या पायरीवर आज तीस-पस्तीस माणसांचं थेट नेतृत्व उभं आहे. खंत एवढीच की त्यामुळे हवालदाराच्या हाती स्वतंत्र निर्णय कमी उरतात, आणि हा दोष दूर करायचा तर हवालदाराचे अधिकार वाढवावे लागतील.

२०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. भरती चार वर्षांची, आणि त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के तरुण कायम. सैन्य तरुण हवं, या आग्रहामागे जुनीच समजूत आहे की शिपायाचं काम अंगमेहनतीचं आणि अनुभव हे फक्त वाढत गेलेलं वय. पण उद्याचे सगळे नायक, हवालदार, सुभेदार याच पंचवीस टक्क्यांतून यायचे आहेत. नकाशा वाचणं, दारूगोळा मोजून वापरणं, घाबरलेल्या पोराला रात्रभर पहाऱ्यावर उभं ठेवणं, यातलं कोणाला किती जमतं हे धावण्याच्या वेळेवरून आणि लेखी गुणांवरून कळत नाही. ते त्यांच्यासोबत चार वर्षं काढलेल्या सेक्शन कमांडरला आणि सुभेदाराला ठाऊक असतं. कोणाला ठेवायचं या निर्णयात त्यांच्या मताला निर्णायक वजन असलं पाहिजे, आणि तसं नियमात लिहिलेलं असलं पाहिजे.